अकुला कोणती आणि टायफून कोणती?

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय: रशियन लोक पाणबुड्यांना धडकी भरवणारी नावं देतात, उदाहरणार्थ किलो, अकुला, टायफून, सोव्हिएत काळात मात्र नावांवर बंदी होती, फक्त नंबर, कुर्स्क या पाणबुडीचं नाव १९४३च्या लढाईवरून, आणि के-१९ या पाणबुडीचं सरकारी नाव होतं ‘हिरोशिमा’.

‘किलो’ ऐकून कुणाला धडकी भरेल, देव जाणे. हे नाव नाटोचं आहे. सोव्हिएत पाणबुड्या ओळखण्यासाठी त्यांनी वायरलेसवर इंग्रजी अक्षरांऐवजी बोलले जाणारे शब्द वापरले: व्हिस्की, रोमिओ, फॉक्सट्रॉट. रशियात ‘किलो’ म्हणजे प्रोजेक्ट ८७७. ऑगस्ट २०१३मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत स्फोट होऊन बुडालेली आपली सिंधुरक्षक याच जातीची.

खरी गंमत अकुलाची. अकुला म्हणजे शार्क. सोव्हिएत नौदलाने हे नाव प्रोजेक्ट ९४१ला दिलं होतं. पाण्याखाली ४८ हजार टनांच्या आसपास भरणारं ते धूड. नाटो त्याला टायफून म्हणते. आणि नाटोने ‘अकुला’ हे नाव चिकटवलं भलत्याच पाणबुडीला, प्रोजेक्ट ९७१ला, जिला घरचे लोक ‘श्चुका-बी’ म्हणतात. २०१२मध्ये आपण भाड्याने घेतलेली ‘चक्र’ याच प्रोजेक्ट ९७१ची होती. तिचा मूळ नंबर के-१५२ आणि नाव ‘नेर्पा’, म्हणजे सील. शार्क नव्हेच.

बंदीची गोष्ट अर्धवट खरी. सोव्हिएत बांधणीच्या पहिल्या पाणबुड्यांना ‘देकाब्रिस्त’, ‘नारोदोव्होलेत्स’ अशी झोकदार नावं होती. १९३४मध्ये त्यांच्या डी-१, डी-२ झाल्या. पुढे नंबर हाच रिवाज, नाव मिळे ते बहुमान म्हणून. १९६२मध्ये उत्तर ध्रुवावर जाऊन आलेली के-३ त्याच वर्षी ‘लेनिन्स्की कोम्सोमोल’ झाली. के-२७८ला ‘कोम्सोमोलेत्स’ हे नाव १९८८मध्ये मिळालं आणि ७ एप्रिल १९८९ला ती बुडाली, ४२ जण गेले. जगाला ती ज्या नावाने ठाऊक आहे, ते नाव तिला वर्षभरही लाभलं नाही.

कुर्स्क हे शहराचं नाव. प्रोजेक्ट ९४९एच्या तिच्या बहिणी पाहा: स्मोलेन्स्क, व्होरोनेझ, ओम्स्क, तोम्स्क. नव्वदच्या दशकातल्या कडकीत शहरं पाणबुड्यांचं पालकत्व घेऊन रसद पाठवत. कुर्स्क शहराचंही या बोटीशी तसंच नातं होतं, आणि त्या भागातली पोरं तिच्यावर होती.

राहिली के-१९. जुलै १९६१मध्ये अणुभट्टीचा अपघात झाल्यावर खलाशांनीच तिला ‘हिरोशिमा’ म्हणायला सुरुवात केली. सरकारी कागदांत ती के-१९च होती.