परत मुदत वाढली!

झालं! पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना परत बंदच. 24 एप्रिल 2025ला पाकिस्तानने आपल्या विमानांची वाट अडवली, मग आपण त्यांची. तेव्हापासून महिना-महिना करत मुदतवाढ चाललीय. भांडण राज्यकर्त्यांचं, आणि पाय कुणाचे सुजतात? माझ्या आईचे! बेळगावच्या सांब्रा विमानतळावरून दिल्ली, तिथून टोरांटो. लांबच्या वाटेने गेलेलं विमान मध्येच युरोपात तेल भरायला उतरलं, आणि ही तशीच बसून. मांडीवर कुंद्याचा, आमच्या बेळगावी मिठाईचा डबा, नातवासाठी. नातवाच्या घरी पोचली तेव्हा चप्पल पायात शिरेना.

किती वेळा सोसायचं हे? 2019ला फेब्रुवारी ते जुलै हेच. ऑगस्ट 2021ला काबूल तालिबानच्या हाती गेलं, एका दिवसात मार्ग फिरले. 2022ला रशियाने युरोपच्या विमानांना दार लावलं. 2024ला ढाक्यात सरकार कोसळलं, विमानं रद्द. चीनची थेट विमानं तर 2020पासून पाच वर्षं बंद होती! खुर्च्या त्यांच्या हलतात, जादा पैसे आम्ही का मोजायचे?

हद्दीचं दुखणं आम्हा बेळगावकरांना नवं नाही. पण हद्दीपलीकडच्या महाराष्ट्रातल्या शिनोळीला निदान गाडीला किक मारून जाता येतं हो! आईचं परतीचं तिकीट काढायचंय. कुठल्या भरवशावर काढू?