‘पूर्वीच्या जर्मन गाड्या मोडायच्याच नाहीत’: या दाव्यात खरं किती?

मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, आउडी आणि पोर्शे या गाड्यांबद्दल एक दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे. थोडक्यात तो असा: १९९० पर्यंत जर्मन अभियंते जन्मभर टिकतील अशा गाड्या बनवायचे. मग कंपन्यांचा कारभार हिशेब बघणाऱ्यांच्या हातात गेला, मर्सिडीजने क्रायस्लरशी घरोबा केला, प्लॅस्टिक आलं, इलेक्ट्रॉनिक्स आलं आणि तेव्हापासून दर्जा सतत घसरतो आहे. आजची गाडी तर वॉरंटी संपली की मोडावी अशाच बेताने बनवलेली असते. पुरावा म्हणून एका बाजूला लाखो किलोमीटर चाललेली जुनी मर्सिडीज आणि दुसऱ्या बाजूला नव्या गाडीचं दुरुस्तीचं बिल दाखवतात.

यातलं सगळंच खोटं नाही. पण खरं-खोटं एकत्र कालवलेलं असल्यामुळे हा दावा लोकांचं नुकसान करतो. ‘जुनी म्हणजे भक्कम’ असं धरून कुणी १९९० च्या दशकातली गाडी उचलतो आणि नेमकी जर्मन कारखान्यांच्या सर्वांत वाईट वर्षांतली गाडी दारात आणून उभी करतो. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘जुन्या गाड्या लाखो किलोमीटर सहज चालायच्या’

काही चालल्या, यात शंका नाही. ग्रीसमधल्या एका टॅक्सीचालकाची १९७६ ची मर्सिडीज २४० डी तब्बल ४६ लाख किलोमीटर चालली आणि २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयात दाखल झाली. मात्र त्या प्रवासात इंजिनं पुन्हा पुन्हा उतरवून बदलली गेली होती, एवढा भाग सांगताना गळतो. तो विक्रम जितका गाडीचा, तितकाच ती सतत दुरुस्त करत राहणाऱ्या माणसाचाही आहे.

मर्सिडीजच्याच डब्ल्यू १२३ मालिकेच्या १९७६ ते १९८६ या काळात सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. आज ज्यांचे फोटो फिरतात त्या यातून तगून राहिलेल्या. बाकीच्या गंजल्या, ठोकल्या गेल्या, भंगारात गेल्या. तगलेल्यांवरून सगळ्यांचा दर्जा ठरवला तर कुठल्याही काळातली गाडी अमर वाटेल.

शिवाय त्या गाडीकडून मागणी किती होती तेही बघा. २४० डीचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नाही, यांत्रिक पंपाने इंधन, ताकद ६५ ते ७२ अश्वशक्ती. ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला वीस सेकंदांहून जास्त लागायचे. आजच्या ई २२० डीचं दोन लिटरचं इंजिन १९० हून अधिक अश्वशक्ती देतं, धूर गाळून सोडतं आणि इंधनही कमी पितं. त्याहून लहान इंजिनाकडून जवळपास तिप्पट काम घेतल्यावर ते तेवढंच निर्धास्त राहील, ही अपेक्षाच चुकीची आहे. जुनं इंजिन टिकलं त्यात चांगल्या घडणीचा वाटा होता, तसाच कमी ताणाचाही होता.

‘क्रायस्लरमुळे मर्सिडीज बिघडली’

इथे फक्त तारखा लावून पाहिल्या तरी पुरे. डेमलर आणि क्रायस्लर एकत्र आल्या १९९८ मध्ये. गंजण्यासाठी बदनाम झालेली २१० मालिकेची ई-क्लास बाजारात आली १९९५ मध्ये. १९९८ च्या शरद ऋतूत आलेली २२० मालिकेची एस-क्लास विलीनीकरणाआधीच आखून झाली होती. त्याहून बोलकं उदाहरण २१० च्या आधीच्या, डब्ल्यू १२४ मालिकेचं. हा दावा करणारे ज्या गाडीची आरती ओवाळतात, तिच्याच १९९० च्या दशकातल्या गाड्यांत इंजिनाच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडतं. उघड्या तारा एकमेकींना टेकतात आणि इंजिन अडखळायला लागतं. हे क्रायस्लरचं नावही निघण्यापूर्वीचं आहे.

खर्चाचा दबाव आधीच सुरू झाला होता आणि तो आला जपानमधून. १९८९ मध्ये टोयोटाने लेक्सस एलएस ४०० आणली: एस-क्लासच्या तोडीची शांतता आणि सफाई, पण किंमत बरीच कमी. ‘आम्ही बनवू ती गाडी आणि आम्ही सांगू ती किंमत’ हे दिवस तिथे संपले. विलीनीकरणाने मर्सिडीजचं भलं झालं असं मी अजिबात म्हणत नाही. २००७ मध्ये ती सोयरीक मोडलीच. पण आजाराचं मूळ तिथे नाही.

‘तेव्हापासून दर्जा सतत घसरतोच आहे’

सगळ्या दाव्याचा कणा हा आहे, आणि माझ्या मते सर्वांत चुकीचा भागही हाच. ही सरळ उतरण नाही. मध्ये एक खोल खड्डा आहे, साधारण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २०१२ पर्यंतचा, आणि त्यानंतर यांत्रिक बाजू स्पष्टपणे सावरलेली आहे.

खड्डा किती खोल होता ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९९० च्या दशकात बीएमडब्ल्यूने काही इंजिनांच्या सिलिंडरला आतून निकासिल हा निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप दिला. ज्या देशांत पेट्रोलमध्ये गंधक जास्त होतं तिथे तो लेप खाल्ला गेला, सिलिंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) गेला, आणि कंपनीला इंजिनं बदलून द्यावी लागली. बीएमडब्ल्यूच्याच ई ४६ मालिकेच्या थ्री सिरीजमध्ये मागचा ॲक्सल जिथे बसतो तिथला पत्रा तडकायचा. मर्सिडीजने २००२ च्या ई-क्लासमध्ये विजेवर नियंत्रित होणारे ब्रेक आणले, २००४ मध्ये त्यापायी सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलावल्या आणि २००६ च्या सुधारित गाडीत मुकाट्याने नेहमीच्या हायड्रॉलिक ब्रेकवर आली. बीएमडब्ल्यूच्या एन ४७ डिझेल इंजिनाची टायमिंग चेन (इंजिनाच्या झडपांची उघडझाप जुळवून ठेवणारी साखळी) ताणली जाऊन तुटायची, आणि ती बसवली होती इंजिनाच्या मागच्या, गिअरबॉक्सकडच्या बाजूला. म्हणजे चेनसाठी इंजिनच खाली उतरवायचं. हे पाहून कुठल्याही मेकॅनिकचं डोकं फिरेल, आणि फिरावंच. बीएमडब्ल्यूच्याच एन ६३ या आठ सिलिंडरच्या (व्ही-८) इंजिनात टर्बो दोन सिलिंडर-रांगांच्या मधल्या खोबणीत ठेवले. तिथल्या उष्णतेने होसेस आणि सील भाजून निघाले. आउडीची त्याच काळातली दोन लिटरची टर्बो पेट्रोल इंजिनं पिस्टन रिंगच्या दोषामुळे ऑइल खात होती.

पोर्शेचं उदाहरण जरा थांबून बघण्यासारखं आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या बॉक्सस्टर आणि ९९६ मालिकेच्या ९११ मध्ये इंजिनाच्या मधल्या शाफ्टचं एक बेअरिंग असतं. ते गेलं तर त्याच्याबरोबर अख्खं इंजिन जातं. पण त्याच ९९६ ची टर्बो आणि जीटी ३ या गाड्यांत वेगळं, शर्यतीच्या वंशाचं इंजिन होतं आणि त्यात हा रोग नव्हता. एकच कंपनी, एकच साल, बाहेरून जवळपास तीच गाडी, तरी नशीब पूर्ण वेगळं. २००९ च्या सुमारास पोर्शेने नवं इंजिन आणलं तेव्हा तो मधला शाफ्टच काढून टाकला. दोष सापडला, मान्य झाला, मुळासकट गेला. सतत घसरण चालू असती तर असं घडलं नसतं.

बीएमडब्ल्यूतही तेच दिसतं. २०१५ पासूनचं बी ५८ हे सहा सिलिंडरचं इंजिन आणि झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ही जोडी आज भरवशाची मानली जाते. २०१९ मध्ये टोयोटाने सुप्रा या नव्या स्पोर्ट्स कारसाठी हीच जोडी घेतली. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांसाठीच्या नियतकालिकाने २०२२ च्या अखेरीस लावलेल्या विश्वासार्हतेच्या क्रमवारीत टोयोटा आणि लेक्ससच्या पाठोपाठ बीएमडब्ल्यू तिसरी होती. आणि हे सांगितलं तर पुढचंही सांगायला हवं: त्याच यादीत मर्सिडीज तळाच्या गटात होती. दोन्ही जर्मन, दोन्ही महाग. ‘जर्मन गाड्या’ असा एकच गठ्ठा बांधून बोलणं इथेच निरर्थक ठरतं.

‘सर्वेक्षणंच सांगतात की तक्रारी वाढल्या’

कुठलं सर्वेक्षण आणि ते काय मोजतं, हे आधी विचारा. जे.डी. पॉवर ही अमेरिकेतली सर्वेक्षण कंपनी. ती तीन वर्षं वयाच्या गाड्यांत दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते मोजते. त्यात फोन गाडीशी जोडला जात नाही ही एक तक्रार आणि गिअरबॉक्स बसला हीही एक तक्रार. २०२१ मध्ये सगळ्या कंपन्यांची सरासरी १२१ होती, २०२२ मध्ये ती १९२ झाली. एका वर्षात जगभरच्या गाड्या दीडपट बिघडल्या नव्हत्या. प्रश्नावली नव्याने बनवली गेली होती. हे दोन आकडे शेजारी ठेवून घसरण सिद्ध करणं ही दिशाभूल आहे. २०२१ च्या त्याच यादीत पोर्शे दुसरी होती, लेक्ससच्या ८१ समोर ८६.

जर्मनीतल्या टीयूव्ही या गाड्यांच्या सक्तीच्या नियमित तपासणीच्या अहवालात २०२० च्या आसपास मर्सिडीज जीएलसी पहिली आली, हे दावेदार कधी सांगत नाहीत. पण मीही ते हुकमाचं पान म्हणून टाकणार नाही. ती तपासणी ब्रेक, दिवे, टायर, सस्पेन्शन बघते, इंजिन आतून किती झिजलंय ते नाही. आणि एडीएसी या वाहनधारकांच्या संघटनेची माणसं रस्त्यात बंद पडलेल्या गाडीकडे धावतात तेव्हा ४० टक्क्यांहून अधिक वेळा कारण साधी १२ व्होल्टची बॅटरी निघते. म्हणजे तेही आकडे इंजिनाबद्दल फार काही सांगत नाहीत.

‘वॉरंटी संपताच मोडावी अशीच रचना असते’

याला आधार नाही, आणि उलटा पुरावा भरपूर आहे. २०२४ मध्ये पुरवठादाराकडून आलेल्या ब्रेक प्रणालीतल्या दोषापायी बीएमडब्ल्यूला सुमारे १५ लाख गाड्यांचा प्रश्न निस्तरावा लागला आणि वर्षाच्या नफ्याचा अंदाज खाली आणावा लागला. बिघाड ठरवून घडवणारी कंपनी स्वतःच्या खिशाला अशी भोकं पाडत नाही. जर्मनीत रस्त्यावरच्या मोटारींचं सरासरी वय २००० मध्ये सुमारे ७ वर्षं होतं, २०२४ मध्ये ते १० च्या पुढे गेलं. हा आकडा सगळ्या गाड्यांचा आहे हे खरं, पण ज्या रस्त्यांवर मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि आउडी यांची एवढी गर्दी आहे तिथे गाड्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मरत असत्या तर वय असं वाढलं नसतं.

मात्र या मुद्द्यामागे एक खरा अन्याय आहे आणि त्यावर मी दावा करणाऱ्यांच्या बाजूने उभा आहे. नवी गाडी बहुतेकदा भाड्याने किंवा कंपनीच्या नावावर तीन-चार वर्षांसाठी जाते. त्या पहिल्या मालकाचा खर्च कागदावर कमी दिसावा म्हणून ऑइल बदलण्याचं अंतर ३०,००० किलोमीटरपर्यंत ताणलं गेलं आणि गिअरबॉक्सचं ऑइल ‘आयुष्यभरासाठी’ म्हणून जाहीर झालं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः मात्र ते ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदला म्हणून सांगते. यात फसतो तो दुसरा मालक. गाडी वाईट नसते, तिची देखभाल कागदोपत्री वाचवलेली असते. हे मला अक्षम्य वाटतं.

‘प्लॅस्टिक आणि इलेक्ट्रॉनिक्सने घात केला’

प्लॅस्टिकबद्दल बरंचसं मान्य. रेडिएटरची तोंडं, पाण्याच्या पंपाची पाती, कूलंटची टाकी, ऑइल फिल्टरचं घर: उष्णतेने हे सगळं ठिसूळ होतं आणि गाडी गरम होऊन इंजिनाच्या हेडपर्यंत (वरच्या भागापर्यंत) प्रकरण जातं. इलेक्ट्रॉनिक्सबद्दल नाही. कार्ब्युरेटरची रोजची छेडछाड आणि घासून जाणारे इग्निशनचे पॉइंट त्यानेच संपवले. आणि ज्या ‘शुद्ध यांत्रिक’ सुवर्णकाळाचं कौतुक होतं, त्याच काळात, १९७८ मध्ये, एस-क्लासमध्ये इलेक्ट्रॉनिक एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आलं होतं.

‘जपानी गाड्यांचं असं कधी होत नाही’

लेक्सस पुढे आहे, हे खरं. पण ती १९९० च्या दशकातही पुढेच होती. अंतर जुनं आहे, ते घसरणीचा पुरावा होत नाही. आणि ‘कधीच नाही’ म्हणायचं तर २०२४ मध्ये टोयोटाने इंजिनात राहिलेल्या धातूच्या कचऱ्यापायी अमेरिकेत सुमारे एक लाख टुंड्रा ट्रक आणि लेक्सस एलएक्स गाड्या परत बोलावल्या, त्याचं काय?

राहिलं ते बिल

बिल खरं आहे. पण ते बिघाड किती वेळा होतो ते सांगत नाही, एकदा झाला की काय पडतं ते सांगतं. जुन्या गाडीत हेडलाइट गेला तर बल्ब बदलायचा. आता अनेकदा अख्खा दिवा. समोरची काच बदलली की तिच्यामागचा कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यायचा. एखादं मॉड्यूल बसवलं की ते कंपनीच्या यंत्रणेशी जोडून कोड करेपर्यंत गाडी त्याला ओळखत नाही. दहा-बारा वर्षांची गाडी भंगारात जाते ती अनेकदा दुरुस्त होत नाही म्हणून नव्हे, तर दुरुस्ती तिच्या किमतीच्या वर जाते म्हणून. खरोखर घटली आहे ती परवडेल अशी दुरुस्ती. लढायचंच असेल तर त्यासाठी लढावं: सुटे भाग आणि कोडिंगची साधनं स्वतंत्र गॅरेजला मिळावीत म्हणून.

आणि गाडी घेताना ‘जर्मन की जपानी’, ‘जुनी की नवी’ हे विचारण्याआधी इंजिनाचा कोड आणि साल विचारावं. १९९३ ची ई-क्लास असेल तर वायरिंग बदललंय का. १९९९ ची ९११ असेल तर मधल्या शाफ्टच्या बेअरिंगचं काय केलंय. २००९ ची डिझेल बीएमडब्ल्यू असेल तर टायमिंग चेनचा कागद आहे का. २०१८ ची सहा सिलिंडरची बीएमडब्ल्यू असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं. या चारपैकी सर्वांत स्वस्तात होणारं काम सर्वांत नव्या गाडीचं आहे.