बेचाळीसशे म्हणजे नक्की किती?

४,२०० रुपये. ठळक, काळ्याभोर, अंगठ्याएवढ्या अक्षरांत. त्याच्या शेजारी मुंगीच्या पायाएवढं 'प्रति रात्र'. आणि त्याच्याही मागे, मला नंतर चष्मा लावून फोन नाकाशी धरल्यावर सापडलेलं, 'पासून'. या 'पासून'ला एकदा समोर बसवून जाब विचारायचाय मला.

आईची पंचाहत्तरी होती. मुलुंडला आमचं वन बीएचके, त्यात आम्ही चौघं आणि आई. सांगलीहून दोन्ही मामा-माम्या येणार, कोल्हापूरहून मावशी-काका. पूर्वी हॉलमध्ये ओळीने गाद्या टाकल्या की विषय संपायचा. आता मामींचे गुडघे आहेत, काकांचं रात्री तीनदा उठणं आहे, आणि आमच्याकडे संडास एकच. म्हणून जवळपास कुठेतरी शुक्रवार-शनिवार दोन रात्रींसाठी फ्लॅट भाड्याने घ्यायचं ठरलं. थोरले मामा म्हणाले, "पैसे आम्ही तिघं वाटून देणार. नाहीतर येणारच नाही." आईच्या माहेरच्यांशी या विषयावर वाद घालून कुणी जिंकलेलं नाही.

तर मी, अतिशहाणी, मुक्कामाच्या जागा बुक करायच्या एका साइटवर तो आकडा बघितला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. बेचाळीसशे दुणे चौऱ्याऐंशीशे, भागिले तीन, म्हणजे घरटी अठ्ठावीसशे. "काहीच नाही गं, इथल्या लॉजलाही एवढे पडतात," अशी वर मावशीची शाबासकी. धाकट्या मामांचे २,८०० पाच मिनिटांत खात्यात आले. ते एसटीत कंडक्टर होते. हिशोब अंगावर ठेवत नाहीत.

मग रात्री जेवणं उरकून बुक करायला बसले.

तारखा टाकल्या आणि शनिवारचा दर ५,४०० झाला. बरं, शनिवार आहे, समजू शकते. दोन रात्रींचे ९,६००. पुढच्या पानावर साफसफाई १,८००. त्याच्या पुढच्या पानावर कळलं की दर चार माणसांचा आहे. सहा माणसं मी पहिल्याच पानावर टाकली होती हो! सहा! तेव्हा साइटवाले नाही बोलले. आता जादा दोघांचे माणशी रात्री ६००, म्हणजे २,४००. मग साइटची स्वतःची सेवा फी १,९३२. कसली सेवा? मला हळूहळू घाम फोडण्याची? मग राहण्यावरचा जीएसटी ६९०, आणि त्या सेवा फीवर वेगळा जीएसटी ३४८. एकूण १६,७७०.

चौऱ्याऐंशीशेचे सोळा हजार सातशे सत्तर. बरोब्बर दुप्पट, त्यातून तीस रुपये सूट दिल्यासारखे कमी.

आणि हे एकदम नाही दाखवत. लसणाची पाकळी सोलावी तसं एकेक साल. नाव भरा, पुढे. सहा जणांच्या आधारचे फोटो चढवा, पुढे. वर एक घड्याळ उलटं पळतंय, ९ मिनिटं ५९ सेकंद. "आत्ता ७ जण ही जागा बघत आहेत." बघू देत ना, त्यांनाही घाम फुटू दे. पण तोवर रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, मामांचे आधार कार्ड तिसऱ्या प्रयत्नात चढलेलं असतं, आणि माणूस म्हणतो, जाऊ दे, आता एवढं केलंय तर. त्यांना आपल्याकडून हे 'जाऊ दे'च हवं असतं.

दुसरी जागा बघायची ना, असं नवरा म्हणाला. बघितली! एक ३,६०० वाली होती, तिची साफसफाई २,५००. एक ५,८०० वाली होती, महागडी म्हणून मी आधीच खाली ढकललेली, तिच्यात साफसफाई आणि सहा माणसं धरूनच दर होता. वाण्याच्या यादीसारखं सगळं कागदावर मांडलं तेव्हा कळलं की ती महागडीच सगळ्यांत स्वस्त पडत होती. तेवढ्यात ती गेली. आता सांगा, ज्या मालकाने सरळपणे सगळं धरून आकडा लावला तो यादीत खाली जातो. ज्याने दर पाडून साफसफाईत वसूल केलं तो वर. मी 'पाच हजारांपर्यंत' असं चाळण लावलं होतं, ते चाळण त्या पहिल्या खोट्या आकड्यावर चालतं. म्हणजे यंत्रणाच अशी की लबाडाला वरचा पाट आणि सरळमार्ग्याला पंगतीबाहेर. आणि साफसफाई ही एकदाच लागते, दोन रात्री राहा की दहा. दहा रात्री राहणाऱ्याला ती जाणवत नाही. आमच्यासारख्या दोन रात्रीच्या पाहुण्याला रात्रीमागे नऊशे पडतात.

जीएसटीवर माझा राग नाही, बरं का. तो सरकारचा आहे, जाहीर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीच्या ७,५०० पर्यंतच्या खोलीला ५ टक्के, त्याहून महाग खोलीला १८. पण जो दर सगळ्या देशाला पाठ आहे तो त्यांच्या कॉम्प्युटरला पहिल्या पानावर का आठवत नाही? तारखा माहीत, माणसं माहीत, दर माहीत. बेरीज करायची आहे फक्त. चौथीतलं पोर करेल.

पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर 'सर्व करांसहित' असं छापावं लागतं. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांत ते आहे. दुकानदार पुडा हातात देऊन "कागद उघडायचे सव्वा रुपया" म्हणाला तर आपण नाका गोळा करू. सतरा हजारांच्या बाबतीत मात्र गप्प. भाजीवाली मंडईत "भेंडी तीस" म्हणते तेव्हा ती पाव किलोचा भाव सांगते, पण ते मुंबईत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, ती कुणाला फसवत नाही. आणि टॅक्सीचा जुना मीटर आठवतोय? तो लोखंडी, खटकन पाडायचा. त्यावरचा आकडा म्हणजे भाडं नव्हेच, ड्रायव्हरकडून टॅरिफ कार्ड मागून त्यात बघायचं. नवख्या माणसाला हमखास टोपी. शेवटी इलेक्ट्रॉनिक मीटर आले, ती कटकट गेली. आज काळ्या-पिवळीचं कमीत कमी भाडं ३१ रुपये, फेब्रुवारी २०२५ पासून, आणि मीटरवर जे दिसतं ते द्यायचं. टॅक्सीवाल्यांना जमलं. ज्यांच्याकडे हजारो इंजिनिअर आहेत त्यांनी आपल्याला परत टॅरिफ कार्डाच्या काळात नेऊन बसवलं, आणि कार्ड स्वतःच्या खिशात ठेवलं.

कायदा नाही असंही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'बद्दल, म्हणजे साइटवर ग्राहकाला गंडवायच्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली. १३ प्रकार आहेत त्यात. किंमत आधी लपवून थेंब थेंब गाळणं, म्हणजे 'ड्रिप प्रायसिंग', हा त्यातला एक. खोटी घाई करवणं हा दुसरा, म्हणजे ते माझं उलटं पळणारं घड्याळ. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना सांगितलं की तीन महिन्यांत तुमचं तुम्हीच तपासा. तुमचं तुम्हीच! बोक्यालाच सांगायचं, शिंक्यावरचं दूध मोजून ठेव. तिकडे अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा नियम १२ मे २०२५ पासून लागू झाला, नेमका दोनच धंद्यांसाठी: कार्यक्रमांची तिकिटं आणि असल्या मुक्कामाच्या जागा. सक्तीच्या सगळ्या फिया धरून पूर्ण आकडा आधी दाखवायचा. तिथेही कर बाहेर ठेवायची मुभा आहे, पण निदान साफसफाईचं भूत शेवटच्या पानावर उभं राहत नाही. म्हणजे करता येतं. करायचं नसतं.

असो. भरले पैसे. वाटलं, संपलं.

शुक्रवारी संध्याकाळी मामा-मामी बॅगा घेऊन त्या बिल्डिंगच्या गेटवर. वॉचमन म्हणतो, सोसायटीची पाहुण्यांची एंट्री फी ३०० रुपये. वर केअरटेकर मुलगा हातात क्यूआर घेऊन उभा: डिपॉझिट ५,०००, परत मिळणार. आणि एसीचे रात्रीचे ४००, "लाइट बिल जास्त येतं ना मॅडम." जाहिरातीत पहिलाच फोटो एसीचा होता! मी विचारलं, हे कुठे लिहिलंय? त्याने थंडपणे फोन पुढे केला. 'घराचे नियम' म्हणून एक लांबलचक पान होतं, त्याच्या सतराव्या ओळीत. गुडघे धरून उभ्या असलेल्या मामींसमोर मी काय भांडणार? दिले. १६,७७० अधिक ११००, म्हणजे १७,८७०. डिपॉझिट वेगळं.

रविवारी सकाळी निघताना भिंतीवरचा कागद वाचला. चादरी काढून ठेवा, भांडी घासून ठेवा, ओला-सुका कचरा वेगळा करून खाली नेऊन टाका. मामी तशाही भांडी घासल्याशिवाय कुठून निघत नाहीत, त्यांनी ओटासुद्धा पुसला. मग साफसफाईच्या मावशी आल्या. मी न राहवून विचारलं, तुम्हाला किती मिळतात हो?

"तीनशे. कधी कधी अडीचशे. का, ताई?"

अठराशेतले तीनशे. उरलेल्या पंधराशेंनी काय पुसलं ते मालकाला ठाऊक. मी काही बोलले नाही, आईच्या वाढदिवसाचा अर्धा किलो पेढ्यांचा बॉक्स उरला होता तो त्यांना दिला.

पण खरी चीड पैशांची नाही. म्हणजे पैशांचीही आहे, खोटं कशाला बोलू. पण मला लागलं ते वेगळंच. तो आकडा त्यांनी मला सांगितला आणि मी माझ्या तोंडाने माझ्या माणसांना सांगितला. खोटं त्यांचं, जीभ माझी. आता सतरा हजार आठशे सत्तर भागिले तीन, घरटी ५,९५७. मी २,८०० म्हणाले होते. वरचे ३,१५७ मागायला सत्तरीच्या मामांना कुठल्या तोंडाने फोन करायचा? "मामा, जरा चुकलं"? माझं कुठे चुकलं? आणि नाही मागितले तर थोरले मामा वर्षभर बोलणार नाहीत, आम्हाला परकं केलंत म्हणून. मावशीला तर आत्ताच शंका आहे की मुंबईच्या लोकांना भाव कळत नाहीत.

शेवटी धाकट्या मामांनीच विचारलं, फोनवर बिल बघायला मागितलं. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. पन्नास माणसांच्या गाडीचा हिशोब सुट्ट्या पैशांसकट जुळवलेला माणूस. म्हणाले, "सांगलीत स्वारगेटचं तिकीट फाडलं असतं, आणि साताऱ्याला गाडी थांबवून म्हटलं असतं, सीट पुसल्याचे वेगळे द्या, खिडकीशी बसलात त्याचे वेगळे द्या, तर मला डेपोत नाही, रस्त्यातच उतरवलं असतं लोकांनी."

मग म्हणाले, "राहिलेले पाठवतो. पण आधी ते डिपॉझिट आलं का ते सांग."

केअरटेकर म्हणाला होता सात दिवसांत. आज अकरावा. दोनदा फोन केला, एकदा उचलला. म्हणाला, सोफ्यावर डाग आहे, त्याचे किती कापायचे ते मालक बघून सांगतील.