फुरसं चावतं रत्नागिरीत, जिनेव्हात बोलायचं कुणी?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. मजकूर साधारण असा: जगाची आरोग्य धोरणं जिनेव्हात एनजीओवाले ठरवतात आणि आपल्यावर लादतात, शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बसावं, धोरणात नाक खुपसू नये, या संस्था परदेशी पैशांवर जगतात, आणि कोकणातल्या माणसाला या सगळ्याचा काडीचा उपयोग नाही. खाली नेहमीप्रमाणे ‘पुढे पाठवा’. एकेक मुद्दा घेऊ.

‘जिनेव्हात एनजीओवाले ठरवतात’

ठरवत नाहीत. डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या, वार्षिक सभेत मत असतं ते सदस्य देशांना. मान्यता मिळालेल्या संस्था तिथे बसतात, वेळ मिळाली तर चार वाक्यं बोलतात. मतदानाला त्यांचा हात वर होत नाही. मे २०२५ मध्ये याच सभेत मंजूर झालेल्या महामारी कराराचा बागुलबुवा या फॉरवर्डमध्येही आहे. त्या करारातच स्वच्छ लिहिलंय की लॉकडाउन लावा, लस सक्तीची करा असा हुकूम देशांना सोडण्याचा अधिकार डब्ल्यूएचओच्या सचिवालयाला यातून मिळत नाही. शिवाय ६० देशांनी रीतसर संमती दिल्याखेरीज करार लागूच होत नाही. एवढं या मुद्द्याला पुरे.

‘शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बसावं’

इथे मात्र थांबू, कारण हा विषय आपल्या गडग्यातलाच आहे.

कोकणात पान लागून, म्हणजे साप चावून, माणूस गेला, ही बातमी कुणाला नवी नाही. कलमांखालचा पातेरा ओढताना, चिरेखाणीत, काजू वेचताना, काळोखात बॅटरीविना परड्यात जाताना जनावर चावतं. पण देशभरात अशी किती माणसं जातात, हे सरकारलाच ठाऊक नव्हतं, कारण मोजली जात ती हॉस्पिटलात मेलेली. मग जन्म-मृत्यूंच्या नोंदी ठेवणाऱ्या महानिबंधक कार्यालयाच्या पाहणीतून, घरोघर जाऊन ‘तुमच्या घरी कोण गेलं, कशानं गेलं’ असं विचारत आणि ती उत्तरं डॉक्टरांकडून तपासून घेत एक अभ्यास झाला. तो २०११ मध्ये छापून आला. आकडा निघाला २००५ या एका वर्षात सुमारे ४६ हजार मृत्यू, हॉस्पिटलांच्या अधिकृत आकड्याच्या ३० पटींहून जास्त. त्यातले ९७ टक्के खेड्यांतले, आणि जेमतेम चौथा हिस्सा दवाखान्यात झालेले. बाकीचे घरी, वाटेत, नाहीतर मांत्रिकाच्या अंगणात. ही मोजणी कुठल्या मंत्रालयानं आपणहून मागितली असती, असं मला तरी वाटत नाही.

आकडे हाती आले तरी ते मांडायला माणूस लागतो. आफ्रिकेतल्या सापांवरचं एक महत्त्वाचं प्रतिविष बनवणं एका फ्रेंच कंपनीनं थांबवलं, तेव्हा २०१५ मध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेनं बोंब ठोकली की साठा संपत आलाय. संस्था, विषतज्ज्ञ आणि कोस्टारिका-कोलंबियासारखे देश मागे लागले. २०१७ मध्ये डब्ल्यूएचओनं सर्पदंश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत घेतला, २०१८ मध्ये जागतिक सभेनं ठराव केला, पुढे २०३० पर्यंत मृत्यू आणि अपंगत्व निम्म्यावर आणायचं लक्ष्य ठरलं. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं आपला राष्ट्रीय आराखडा काढला, त्यातही हेच लक्ष्य आहे. आता यात कुणी कुणावर काय लादलं?

आणि शास्त्रज्ञ म्हणजे प्रयोगशाळेतलाच, हे कुणी सांगितलं? डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली पोरं हृदय निकामी होऊन डोळ्यांदेखत जात होती. प्राझोसिन हे रक्तदाबावरचं स्वस्त औषध त्यावर लागू पडतं, हे त्यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडलं. असा माणूस धोरणाच्या टेबलावर नको, तर मग कोण हवा?

‘संस्था परदेशी पैशांवर जगतात’

हा मुद्दा निव्वळ खोटा नाही. खुद्द डब्ल्यूएचओच्या बजेटात देशांच्या ठरलेल्या वर्गणीचा वाटा कित्येक वर्षं पाचव्या हिश्श्याहूनही कमी होता. बाकीचे पैसे ऐच्छिक, त्यात गेट्स फाउंडेशन मोठं, आणि पैसे देणाऱ्याचा कल कामावर उमटतोच. म्हणून तर वर्गणी टप्प्याटप्प्यानं वाढवायचं देशांनी २०२२ मध्ये ठरवलं. तंबाखू आणि शस्त्रांच्या कंपन्यांशी संबंध ठेवायचा नाही, असा नियम २०१६ पासून आहे. औषध कंपन्यांचे महासंघ मात्र संस्थांच्याच रांगेत बसतात, आणि ते मला खटकतं. पण संस्थांना हाकललंत म्हणून कंपन्या जाणार आहेत का? त्यांना मागचं दार कायम उघडं असतं. जाईल तो रुग्णांच्या बाजूनं बोलणारा.

‘कोकणाला काय उपयोग?’

फुरसं चावलेला माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात आला की त्याचं थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात आणि २० मिनिटं न हलवता ठेवतात. मग नळी कलंडवायची. रक्त गोठलं नसेल तर विष अंगात भिनलंय, प्रतिविष सुरू. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. मशीन नको, लॅब नको. ही चाचणी डब्ल्यूएचओच्या मार्गदर्शक सूचनांत आहे, कारण त्या लिहिताना खेड्यापाड्यांत सर्पदंशाचे रुग्ण हाताळणारे डॉक्टर होते. दोरी आवळू नका, ब्लेडनं चिरू नका, हेही त्याच सूचनांत आहे.

उणिवा आहेतच. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांपुरतं; चापडा या विषारी सापावर ते नाही. हे वर पोचवायचं तर चापडा चावलेले रुग्ण तपासणारा डॉक्टर तिथे बोलायला हवा. आणि नोंद हवी. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं राज्यांना पत्र लिहून सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असं सांगितलंय. पुढच्या ग्रामसभेत विचारा: आपल्या आरोग्य केंद्रातल्या दंशांची नोंद होते का, प्रतिविषाच्या किती बाटल्या आहेत, आणि काचेच्या नळ्या आहेत का.