पुतळ्याचा फोटो काढायची सोलापुरी रीत

सोलापुरात फोटो काढण्यासारखं काही नाही, हे आधी मान्य करा. चादर, कडक भाकरी, तलावातलं सिद्धेश्वर मंदिर, संपलं. तरीही चौकातले पुतळे आणि जुन्या इमारतींची नक्षी टिपायची खाज असेलच, तर निदान रीतसर टिपा.

महिना मे, वेळ भर दुपारची. तिरप्या उन्हात महापालिकेच्या आवारातल्या जुन्या इंद्रभुवन इमारतीची नक्षी उठून दिसते आणि मग नसता प्रश्न पडतो, की आप्पासाहेब वारदांनी एवढा थाट उभा केला आणि आपण या आवारात फक्त महापालिकेची कामं घेऊन येतो? बाराच्या उन्हात सगळं सपाट. प्रश्नही नाही.

तिथून चार पुतळ्यांकडे या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. इंग्रजांनी १९३० ला सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेले. मध्ये वाढदिवसाचा बॅनर आला तर अँगल शोधत फिरू नका, बॅनरच घ्या. हुतात्मे उद्याही तिथंच आहेत. भाऊंचा वाढदिवस वर्षातून एकदाच.

गावातल्या कुठल्याही पुतळ्याजवळ गेलात, तरी खरा ऐवज म्हणजे कोनशिला. शुभहस्ते कोण, अध्यक्षस्थानी कोण, प्रमुख उपस्थिती कुणाची, सगळं ठसठशीत. घडवणाऱ्याचं नाव मात्र शोधू नका. असलंच तर ते पायाच्या अंगठ्यामागे, सोनेरी ऑइलपेंटच्या तिसऱ्या थराखाली असतं. वाचायला गुडघ्यावर बसावं लागतं, आणि बघणाऱ्यांना वाटतं, नवस फेडायला आलाय. तेवढं वाकलातच तर वरही बघू नका, कारण पापणीवरून ओघळून वाळलेला रंग आणि मिशीत चिकटलेला ब्रशचा केस दिसतो. जयंतीच्या आदल्या रात्री घाईत झालेलं काम आहे ते. श्रद्धा बघा, हात नको.

परवानगीचं म्हणाल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सांगतं की सार्वजनिक जागी कायमचं बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढणं म्हणजे हक्कभंग नव्हे. रंगवलेल्या भिंतीला ही सवलत नाही. (भिंतीवरच्या चित्राचा खालचा फूटभर तसाही माव्याच्या पिचकाऱ्यांनी गेलेला असतो, त्यावर हक्क कुणाचा हे कायद्यात नाही.) हे सगळं वॉचमनला ऐकवू नका. "ओ सर, पेपरवाले हाय का तुम्ही? मग कशाला काढलाव?" एवढंच त्याचं कलम. बाजूला कोण सेल्फी काढतंय, त्याला तो हटकणार नाही. बरोबरच आहे, तो पुतळ्याकडे पाठ करून उभा असतो.

आणि अगदीच हट्ट असेल, पुतळा स्वच्छ आणि पूर्ण दिसायला हवा असेल, तर १२ जानेवारीला पहाटे या. नुकताच धुतलेला असतो, हार यायचे असतात. आठच्या आत उरका. नंतर अभिवादनाची रांग लागते आणि लगोलग गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, शुभेच्छांचे बॅनर. हुकलं तर हळहळू नका, पुढच्या जानेवारीत परत धुतील.