टँकरवाल्याची मर्जी कशी राखावी

मालक, आधी अभिनंदन. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि माणसं ते रात्री-बेरात्री उठून पिंपात भरतात, अशा सोलापुरात तुम्ही होटगी रोडच्या फार्महाउसवर आठ बाय चार मीटरचा स्विमिंग पूल बांधलात. सरासरी खोली सव्वा मीटर धरली तर ४० हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचे चार टँकर. बांधणारा शेवटचं बिल घेऊन गेला. आता तुमची सोयरीक टँकरवाल्याशी. ती टिकवायची तर पुढच्या गोष्टी नेमाने करा.

पुलावर झाकण घालू नका. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, वारं कोरडं, दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी सहज उडतं. तुमच्या ३२ चौरस मीटरवरून ते रोजचं अडीचशे ते तीनशे लिटर झालं. बबल शीट पसरली तर यातलं बरंचसं वाचतं, पण मग पाहुण्यांना निळं पाणी कसं दिसणार? शिवाय उडतं ते नुसतं पाणी, क्षार खालीच राहतात. बोअरचं जड पाणी वरून भरत राहा, टाइलच्या कडेचा पांढरा थर आपोआप जाड होत जाईल.

टेस्ट किट विकत घेऊ नका. लाखांचा पूल बांधलेल्या माणसाने दोन बाटल्यांतले थेंब मोजत बसणं बरं दिसत नाही. पीएच ७.२ ते ७.६, मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत एक ते तीन), अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) ८० ते १२०, हे आकडे लॉजवाल्यांना. तुम्ही नाकावर भरवसा ठेवा. वास झोंबला, डोळे चुरचुरले, की ‘क्लोरीन जास्त झाला’ म्हणा आणि डोस बंद करा. तो वास घाम आणि लघवीशी बांधला जाऊन निकामी झालेल्या क्लोरीनचा असतो (लघवी कुणाची, ते घरातल्या लहानांना विचारा) आणि त्यावर उतारा म्हणजे आणखी क्लोरीन, बांधल्या गेलेल्याच्या दहापट, तोही सूर्य मावळल्यावर. पण हे मनावर घेऊ नका. हायपो, म्हणजे क्लोरीनचं पातळ द्रावण (सोडियम हायपोक्लोराइट), टाकायचाच तर भर दुपारी बाराला टाका. पाण्यात क्लोरीनला उन्हापासून जपणारं सायन्युरिक आम्ल नसेल तर तासाभरात निम्म्याहून जास्त क्लोरीन ऊन खाऊन टाकतं. वर पीएच ८ ठेवलात तर उरलेल्यातला जेमतेम पाव हिस्सा कामाला लागतो.

नाहीतर टीसीसीए ९० (क्लोरीनच्या गोळ्या किंवा पावडर) आहेच. दुकानदारही तेच देतो, कारण ते उन्हात टिकतं. टिकतं कशामुळे, तर त्यात सायन्युरिक आम्ल असतं म्हणून. तुमच्या पुलात रोज साधारण १३५ ग्रॅम टाकलं की क्लोरीन ३ पीपीएम मिळतो आणि सोबत सायन्युरिक पावणेदोन पीपीएमने वाढतं. क्लोरीन रोज खर्च होतो, सायन्युरिक तिथेच मुक्काम करतं. ३० ते ५० पर्यंत ते गुणाचं. दोन महिन्यांत शंभरी ओलांडली की किटवर क्लोरीन २ दिसतो आणि पाणी तरीही हिरवं. इथे लोक गोळ्या वाढवतात. तुम्हीही वाढवा! हे आम्ल ना उडत, ना फिल्टरमध्ये अडकत. निम्मं पाणी सोडून नवं भरणं हाच उपाय. दोन टँकर. मधूनमधून हायपोवर आलात तर ही वेळ टळते, म्हणून तसं करू नका.

हिरव्यावर मोरचुदाचाही सल्ला कुणीतरी देईलच. शेवाळ मरतं, खरं आहे. डोस चढला की टाइलवर निळसर डाग पडतात आणि आजोबांच्या पांढऱ्या केसांवर हिरवी झाक येते.

एक गोष्ट मात्र थट्टा बाजूला ठेवून सांगतो. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एका मगात, एका डब्यात कधी घेऊ नका, मग ओला असो वा कोरडा, भडका उडतो. आम्ल आणि हायपो एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, आम्लात पाणी नाही. आणि हे सगळं पत्र्याच्या तापलेल्या खोलीत साठवू नका.

हां, तर फिल्टर. वाळू स्वच्छ असताना प्रेशर गेज किती दाखवतो, ते लिहून ठेवू नका. लिहिलं तर त्यापेक्षा अर्धा बार वाढल्यावरच बॅकवॉश (उलटं पाणी सोडून वाळू धुणं) करावा लागेल, दोन-तीन मिनिटं, मग अर्धा मिनिट रिन्स, आणि संपलं. त्यात काय मजा! रोज दहा मिनिटं करा. तासाला आठ हजार लिटरचा पंप असेल तर तेराशे लिटर गटारात जातं. शिवाय थोडी मळलेली वाळू जास्त बारीक गाळते, तो फायदाही बुडतो.

माझी सगळ्यात आवडती युक्ती मल्टिपोर्ट व्हॉल्व्हची, म्हणजे फिल्टरवरच्या पाण्याची वाट बदलणाऱ्या हँडलची. हँडल फिरवण्याआधी पंप बंद करायचा असतो. तुम्ही चालू ठेवा. आतलं चाकाच्या आऱ्यांसारखं रबरी गॅस्केट जागेवरून सुटतं किंवा फाटतं. त्यानंतर हँडल ‘फिल्टर’वर असलं तरी वेस्टच्या (सांडपाण्याच्या) पाइपातून पाणी वाहत राहतं, आणि पाइप गटारात पुरलेला असल्याने कुणाला दिसत नाही. महिनोन् महिने चालतं हे. पाणी का उतरतंय म्हणून प्लंबर फरशी फोडायला निघेल. फोडू द्या. पायरीवर बादली ठेवून, आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला आणून, चोवीस तासांनी कुठलं जास्त उतरलं ते बघायचं, हे त्याला सुचवू नका. दोन्ही सारखंच उतरलं तर ऊन, पुलातलं जास्त उतरलं तर गळती. एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून ही चाचणी केली तर गळती पाइपाकडे आहे की भिंतीत, याचाही अंदाज येतो. फरशी वाचते, प्लंबरची मजुरी बुडते.

रिटर्नमधून, म्हणजे गाळलेलं पाणी पुलात परत येतं त्या तोंडातून, बुडबुडे आले तर पंप बदला. पंपाच्या झाकणाची ओ-रिंग साफ करून सिलिकॉन ग्रीस लावणं किंवा पाणी स्किमरच्या (वर तरंगणारा कचरा ओढणाऱ्या भिंतीतल्या खिडकीच्या) तोंडाच्या निम्म्यापर्यंत आणणं, ही पाच मिनिटांची कामं हलकी वाटतात.

शेवटी मे महिन्यात, घासून लख्ख करायचं म्हणून पूल पूर्ण रिकामा करा आणि पाऊस येईपर्यंत तसाच ठेवा. उन्हाने टाइल सुटतील. खाली आपली काळी माती, ती उन्हात आक्रसते, पावसात फुगते आणि रिकाम्या भिंतीला आतून आधार नसतो. एकदा चीर पडली की टँकरवाल्याला रोज फोन करायला नको, महिन्याच्या ठरावानेच घ्या. ठरावाने घेतलं तर दर थोडा कमी लावतात, विचारून बघा.