अगं, मोहरी कुठंय?

काळ बदललाय, हे तुमच्याही कानावर आलं असेलच. ऑफिसातली नवी पोरं बाळंतपणाची रजा मागतात. बायकोच्या नव्हे, स्वतःच्या. समोरच्या बिल्डिंगमधला एक जावई रोज सकाळी गॅलरीत उघडउघड कपडे वाळत घालतो, तेही झटकून, आणि त्याला कुणी हसत नाही. अशा दिवसांत जुन्या वळणाचा नवरा म्हणून उघडं पडणं आपल्याला परवडणारं नाही. पण घाबरू नका. आधुनिक नवरा व्हायला फारसं काही बदलावं लागत नाही. मी डोंबिवलीत गेली सतरा वर्षं हा संसार याच पद्धतीनं रेटतोय. त्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो, पटल्या तर घ्या.

आधी एक शब्द घोकून ठेवा: मदत. ‘मी घरातलं काम करतो’ असं चुकूनही म्हणू नका. काम म्हटलं की ते आपलं होतं, आणि आपलं झालं की उद्याही करावं लागतं. ‘मी हिला मदत करतो’ असं म्हणा. घर कुणाचं, ओटा कुणाचा आणि उपकार कुणाचे, हे सगळं त्या एका शब्दात बसतं. शिवाय मदत करणाऱ्याला ‘काल का नाही आलास’ असं कुणी विचारत नाही. पूरग्रस्तांनी कधी बिस्किटाच्या पुड्यांबद्दल कुरकुर केल्याचं ऐकलंय?

आता प्रत्यक्ष मदत. रोजच्या पोळ्या-भाजीच्या वाटेला जाऊ नका. ते रोज असतं, त्याला कौतुक नाही. रविवारचे पोहे धरा. शनिवारी रात्रीच जाहीर करून टाकायचं, ‘उद्याचा नाश्ता माझ्याकडे.’ सकाळी साडेनऊला बाह्या सरसावून ओट्याशी उभं राहायचं आणि आतल्या खोलीच्या दिशेनं पहिली हाक द्यायची, ‘अगं, मोहरी कुठंय?’

मोहरी मिसळणाच्या डब्यात असते. मिसळणाचा डबा सतरा वर्षं गॅसच्या उजव्या हाताला असतो. त्यातल्या सात वाट्यांपैकी सगळ्यात काळी दिसते ती मोहरी. तरीही शोधू नका. शोधली तर सापडेल, आणि एकदा सापडली की जन्मभर माहीत होऊन बसेल. मग हिंगाची हाक. मग ‘कांदा उभा चिरू की बारीक?’ मग ‘पोहे भिजवायचे असतात की नुसते धुवायचे?’ आणि याचं उत्तर येईपर्यंत ते पातेलंभर पाण्यात बुडवून ठेवायचे. साधारण पाचव्या हाकेला बायको केस बांधत बाहेर येते. ती पोहे चाळणीत उपसते, धुरावलेल्या फोडणीखालचा गॅस बंद करते, काळे पडू लागलेले दाणे झाऱ्यानं बाजूला काढते, मीठ-साखर अंदाजानं भुरभुरते आणि लगदा झालेला भाग आपल्या ताटलीत वेगळा काढून ठेवते. हे सगळं होईपर्यंत तुम्ही झारा मागायला हात पुढे करून उभे राहा. झाकण मात्र तुम्हीच ठेवा. आणि ओलं खोबरं, कोथिंबीर पेरायचं काम कुणाच्याही हातात देऊ नका, कारण फोटो त्याच वेळी निघतो.

फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला की दोन मिनिटांत नाशिकच्या आत्याचा मेसेज येतो, ‘नशीबवान आहे हो सूनबाई!’ सोमवार ते शनिवार सकाळी साडेसहाला दोन डबे भरणारीचा फोटो मी तरी ग्रुपवर कधी पाहिलेला नाही. असो. एक कढई, तीन पातेली, दोन चाळण्या, विळी आणि तेलकट ओटा मागे उरतो. भांडी सिंकमध्ये पाणी सोडून ‘भिजत’ ठेवा. भांडी घासण्याच्या कामातला आपल्या पिढीचा वाटा एवढाच, पण तो आपण मनापासून उचलतो.

कुणी टोचून बोललंच तर सरकारी आकडे तोंडावर फेका. केंद्र सरकारनं लोक दिवसभर काय करतात याचं सर्वेक्षण केलं होतं, २०१९ मध्ये. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २९९ मिनिटं घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. करणारे पुरुष म्हणजे चारात जेमतेम एक. जे काडी इकडची तिकडे करत नाहीत, ते या सरासरीत धरलेलेच नाहीत, त्यामुळे त्यांचाही भार आपण उचललाय, हे लक्षात घ्या. पुन्हा २०२४ मध्ये मोजणी झाली. बायका २८९ मिनिटं, पुरुष ८८. बायकांची दहा मिनिटं कमी झाली म्हणून कुणी पेढे वाटायच्या आत आपणही आपली नऊ कमी करून घेतली. दोघांतलं अंतर आधी २०२ मिनिटांचं होतं, आता २०१ उरलंय. पाच वर्षांत एक मिनिट! मी कॅल्क्युलेटरवर हिशेब केला. याच वेगानं गेलो तर सन ३०२९ मध्ये बरोबरी होते. तेव्हा प्रगती चालू आहे, उगाच घाई करू नका.

बायको नोकरी करत असेल तर तुम्ही पुरोगामी आहातच, त्याचं आणखी प्रमाणपत्र कशाला हवं? संध्याकाळी मुंबईच्या सीएसएमटी स्टेशनवरून कर्जत किंवा कसारा लोकल पकडा. आमच्या डब्यात भजनी मंडळ आहे. टाळ, खिडकीत टांगलेली गणपतीची तसबीर, मागच्या कोपऱ्यात मांडीवर ब्रीफकेस ठेवून रमीचा डाव. दिवसभराचा शीण जातो. पलीकडच्या लेडीज डब्यातही दिवसभर ऑफिस करून आलेल्याच बायका असतात, आणि त्या पिशवीतून मेथीची जुडी काढून निवडायला बसतात. कुणी वाटाणे सोलते, कुणी गवार मोडते. पश्चिम रेल्वेनं १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली अशी अख्खी गाडी बायकांना दिली, त्याचं केवढं कौतुक झालं. म्हणजे निवडायला जागा वाढली. आपण मात्र घरी येताच सोफ्यावर बसून ‘आज गाडीला काय गर्दी होती!’ एवढं म्हणायला विसरू नका. गर्दी आपल्यालाच होती.

सगळ्यात हुकमी वाक्य मी राखून ठेवलं होतं. ते म्हणजे, ‘मग सांगायचंस ना!’ गॅस संपला, सिलिंडर लावला नव्हता? मग सांगायचंस ना. मावशी उद्यापासून चार दिवस येणार नाहीत? सांगायचंस ना. मुलाला शाळेत हिरवा टी-शर्ट घालून जायचं होतं आणि तो धुवायला पडलाय? आधी सांगायचंस ना, मी केलं असतं. कराल हो तुम्ही, त्यात शंकाच नाही. सांगितलेलं काम करणारा माणूस वाईट कसा असेल? फक्त काय करायचं, कधी, आणि घरात हळद संपत आलीय की नाही, हे बारा महिने डोक्यात वागवणं ही वेगळी नोकरी आहे, आणि तिची जाहिरात कधीच निघालेली नाही. ती भरलेलीच असते. मुलाच्या वर्गाचा पालकांचा ग्रुप आहे, नावच ‘५ ब मॉम्स’. मला एकदा चुकून त्यात घेतलं. संध्याकाळपर्यंत वही, प्रोजेक्ट, स्नेहसंमेलनाचे केशरी फेटे आणि बसचा नवा थांबा यांवर इतके मेसेज आले, की रात्री मी कुणाला न दुखावता बाहेर पडलो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आपल्या राज्यात वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लिहितात. चांगलंच झालं. शाळेनं फोन कुणाला करायचा, हा प्रश्न असाही नव्हताच.

आई गावाहून आली की मात्र आधुनिकपणा आठ दिवस बंद. झाडू हातात असेल तर पटकन दाराआड ठेवा. ‘माझ्या बाळ्याला कामाला जुंपलं’ हे ऐकून घ्यायला बायको आहे, आपण कशाला मध्ये पडायचं?

याच बाबतीत माझे वडील घसरले, ते सांगतो, म्हणजे तुम्ही जपाल. जन्मभर त्यांनी पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही. एकाहत्तराव्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गृहस्थ कुकर लावायला शिकले. अजून शिट्ट्या बोटांवर मोजतात. तिसरीला घाईघाईनं उठताना एकदा धोतर पायात अडकून पडलेच असते. आईचा गुडघा बरा होऊन तीन वर्षं झाली, तरी वरण-भात त्यांच्याचकडे आहे. मोहरी कुठे आहे हे त्यांना ठाऊक आहे. फोटो नाही, ग्रुप नाही, कुणाला सांगणं नाही. मी एकदा म्हटलं, ‘बाबा, आईला चांगली मदत करताय.’ तर म्हणाले, ‘कसली मदत? मला भूक लागत नाही का?’ म्हातारपणी माणसं अशी बिघडतात. त्यांच्या संगतीला मुलांना फार सोडू नये.

गावाकडच्या वाचकांना मी काय सांगणार, ते आपल्या कितीतरी पुढे आहेत. ग्रामपंचायतीत बायकांना निम्म्या जागा मिळाल्या २०११ पासून, आणि त्याच मुहूर्तावर ‘सरपंचपती’ या जुन्याच पदाला बहर आला. सही तिची, खुर्ची ह्यांची, हारही ह्यांच्याच गळ्यात. अर्थात काही ठिकाणी बाई स्वतःच सभेला येऊन बसू लागल्यात आणि पाण्याच्या टाकीचा हिशेब मागू लागल्यात. अशा गावांपुढे माझा इलाज चालत नाही.

शहरात घर घेणार असाल तर ते बायकोच्या एकटीच्या नावावर घ्या. राज्यात बाईच्या नावानं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, २०२१ पासून. समानतेचा याहून रोखठोक भाव मी तरी दुसरीकडे ऐकला नाही. साठ लाखांच्या घराला साठ हजार वाचतात, वर ‘घर हिच्या नावावर केलंय’ हे चारचौघांत सांगायला जन्मभर मिळतं.

आमचं घर २०१४ चं, तेव्हा ही सवलत नव्हती. त्यामुळे ते दोघांच्या नावावर आहे, कर्जही दोघांच्या. निम्मा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला हिच्या खात्यातून जातो. मागच्या महिन्यात व्याजदराच्या कामासाठी आम्ही दोघं बँकेत गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी फाइल उघडून हिला विचारलं, ‘तुम्ही सहकर्जदार का?’

‘हो,’ ही म्हणाली. ‘हप्ता भरायला मी यांना मदत करते.’

माझं डोकंच सटकलं. ‘मदत काय मदत?’ मी म्हणालो. जरा मोठ्यानंच बोललो असणार, कारण रांगेतले दोघंतिघं वळून बघायला लागले. ‘घर काय माझ्या एकट्याचं आहे?’

हिनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. काउंटरवरचं दोरीला बांधलेलं पेन ओढून घेतलं, जिथं जिथं फुली होती तिथं सह्या केल्या आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

तेव्हा कर्जाची कामं शक्यतो ऑनलाइनच उरका.